कालचा विनोद आणि आजची शाळा

(बोदलकसा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोललो तेच स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना झाली. त्यामुळे जे वाचक त्या दिवशी तलावाच्या पाळीवरील आपल्या मेळाव्याला येऊ शकले नाहीत, त्यांनाही मी आता श्रोत्यांतच धरतो. ऐकताना कंटाळा आला तर उठून जाता येत नाही. वाचकाला पान उलटता येते, एवढा त्यांचा फायदा.

विषय मी निवडलेला नाही, तो पालकांनीच दिला. दिवाळी झाली की आपल्याकडे मंडया सुरू होतात आणि मंडईपाठोपाठ नाटके येतात. मग दरवर्षी कोणीतरी विचारतो, "गुरुजी, पोरांना नाटकाला पाठवावे काय? त्यातली नक्कल फार वात्रट असते." दुसरा लगेच म्हणतो, "त्यात काय आहे? आमच्या अब्बांच्या वेळेपासून आम्ही हेच पाहून हसत आलो. आताच लोकांची कातडी एवढी पातळ कशी झाली?" हे दोघे एकाच बाकावर बसलेले असतात आणि दोघांच्या म्हणण्यात काही तथ्य असते. जुना विनोद आज कोणाला ना कोणाला लागतो, हे खरे आहे. मग तो ठेवायचा की टाकायचा?

प्रथम आपल्या मुलखाविषयी. बोदलकसा तिरोडा तालुक्यात आहे; एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याकडचे जंगल आणि मध्ये धानाच्या बांध्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा सारा प्रदेश म्हणजे झाडीपट्टी. पुण्या-मुंबईचा माणूस नाटक म्हटले की तिकिटाची खिडकी आणि मऊ खुर्ची डोळ्यांपुढे आणतो. आपल्याकडे धान कापून झालेल्या वावरात मंडप पडतो आणि लोक तनस अंथरून, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. वडसा-देसाईगंज हे या नाटकांचे मोठे केंद्र. दंडार आणि खडी गंमत ही तर त्याहून जुनी. नाटकाची कथा कितीही रडकी असो, त्यात विनोदी पात्र असावेच लागते. ते नसले तर रात्री दोन वाजता अर्धा मंडप झोपी जाईल! गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांना लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. रात्ररात्र माणसे हसवत ठेवणे हे काही हलके काम नव्हे. ज्याला ते हलके वाटते त्याने आठवीच्या वर्गाला शेवटच्या तासाला पाच मिनिटे हसवून दाखवावे.

या विनोदाचे मूळ तमाशात आहे. गण, गौळण, बतावणी आणि वग हा त्याचा क्रम. बतावणीत सोंगाड्या येतो. तो पाटलाला, सावकाराला, कोतवालाला आणि वेळ पडली तर राजालाही उलटे बोलतो. हा सोंगाड्या बहुतेक वेळा ज्या जातींतून येई, त्या जातींच्या माणसाला दिवसा त्याच पाटलाच्या वाड्यात पायरीखाली उभे राहावे लागे. रात्री मात्र फडावर त्याची जीभ मोकळी असे. पाटील समोर बसून ते ऐकत आणि हसत असे. हसला नाही तर गावात त्याचेच हसे होई.

या परंपरेत आपली माणसे परकी नव्हती, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. पेशवाईच्या अखेरच्या काळातले नामवंत शाहीर सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान. विसाव्या शतकात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांचा डफ गाजला ते अमर शेख हेही बार्शीचे आणि मुसलमान. तेव्हा 'हा आपला विषयच नाही' असे कोणी म्हणू नये.

ही बंदीची मागणीही नवी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. त्या वेळी अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण त्या बाजूलाच होतो. मुंबई प्रांतात त्या बंदीने तमाशातले वाह्यात शब्द गेले की नाही कोण जाणे, कलावंतांच्या चुली मात्र विझल्या. म्हणून 'बंद करा' हा शब्द मला सहजासहजी उच्चारवत नाही.

आता दादा कोंडके. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या वगनाट्यात त्यांनी कोतवाल, प्रधान आणि त्यांच्या आडून त्या काळचे पुढारी यांची रेवडी उडवली. त्या नाटकाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. १९७१ साली 'सोंगाड्या' आला आणि पुढे त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याची नोंद गिनेस बुकात झाली. गिरणी कामगार आणि खेड्यातला शेतकरी त्यांच्यावर फिदा होता, कारण पडद्यावरचा तो बावळट नाडा-चड्डीवाला त्याच्यासारखाच होता. पण पुढे पुढे काय झाले? बोलणे दुहेरी झाले. एक अर्थ सेन्सॉरसाठी, दुसरा पिटातल्या प्रेक्षकांसाठी. १९८६ च्या त्यांच्या एका हिंदी चित्रपटाचे नावच असे आहे की ते मी वर्गात वाचून दाखवू शकत नाही. यात केवळ अश्लीलतेचा प्रश्न नाही. आधी कोतवालावर पडणारा सोटा नंतर बाईच्या अंगावर पडू लागला. तोच नट, तेच टायमिंग, प्रेक्षक तेच. नेम मात्र बदलला. माझ्या मते जुन्या विनोदाचा विचार करताना शब्द किती हिरवा आहे हे मागाहून पाहावे. आधी पाहावे ते नेम कोणावर आहे हे.

ही गोष्ट पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच भागातील एका शाळेत घडलेला प्रसंग सांगतो. स्नेहसंमेलनात मुलांनी आठवडी बाजाराची नक्कल बसवली होती. त्यात एक अत्तरवाला मियाँभाई होता. कापसाची दाढी, मोडके हिंदी, प्रत्येक वाक्यात दोन वेळा 'अरे बाबा' आणि शेवटी त्याची लुंगी सुटते. दुसऱ्या दिवशी आपली काही मंडळी मुख्याध्यापकांकडे गेली आणि म्हणाली की आमची थट्टा झाली. तक्रार योग्यच होती. शेजारच्या मुलाने जन्मात ज्या मुसलमानांना पाहिले, त्यांतला कोणीही असे बोलत नाही. तरी नाटकातला मुसलमान असाच बोलायचा, हे तो कोठून तरी उचलून आणतो. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी मुलांना समजावले आणि ते पात्र पुढच्या वेळी काढले.

पण त्याच नकलेत आणखी एक पात्र होते. दुकानातला तोतरा नोकर. गिऱ्हाईक मीठ मागते आणि याच्या तोंडून 'मी-मी-मी' एवढेच निघते. गिऱ्हाईक म्हणते, "तू नाही रे, मीठ पाहिजे!" या वाक्याला सगळा मंडप कोसळला आणि तक्रार घेऊन गेलेली आपली मंडळी त्यात सर्वांत मोठ्याने हसली होती. या पात्राबद्दल कोणीही मुख्याध्यापकांकडे गेले नाही.

त्या शाळेत सहावीत एक मुलगा आहे. बोलताना जीभ अडखळते, तरी वाचनाची हौस अशी की धडा सुरू झाला की पहिला हात त्याचाच वर. संमेलनानंतर मुलांनी त्याचे नाव 'मीठ' ठेवले. मैदानावर मीठ, पाण्याच्या टाकीपाशी मीठ, घरी जाताना मीठ. तीन महिन्यांनी त्याचा हात वर येणे थांबले. हजेरीला 'हजर' म्हणायचे तेही तो टाळू लागला. नाव पुकारले की नुसता उभा राहतो. मुलांचा त्यात दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. त्यांनी ती पद्धत मोठ्यांकडून घेतली होती. गौळणीतला पेंद्या लंगडा आणि बोबडा असतो, हे सर्वांनी कितीदा तरी पाहिलेले. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या पेंद्याला हसत आले. मंडपात बसलेल्या खऱ्या लंगड्याकडे त्या वेळी कोणी वळून पाहिले असेल काय?

कुराण शरीफमधील सूरह अल्‌-हुजुरातची अकरावी आयत आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. एका समूहाने दुसऱ्याची चेष्टा करू नये, ज्यांची चेष्टा होते ते कदाचित चेष्टा करणाऱ्यांहून चांगले असतील, असा तिचा आशय आहे. स्त्रियांचा उल्लेख त्यात वेगळा केलेला आहे आणि एकमेकांना टोपणनावांनी चिडवण्यालाही स्पष्ट मनाई आहे. आपण ही आयत दुसऱ्यांनी आपली थट्टा केली म्हणजे आठवतो. ती उतरली आहे मात्र ईमानवाल्यांना उद्देशून.

आता कोणी म्हणेल, मग इस्लाममध्ये हसायचेच नाही काय? तसे मुळीच नाही. एका म्हाताऱ्या बाईने पैगंबरसाहेबांना (स.) विनंती केली की मला जन्नत मिळावी म्हणून दुआ करा. ते म्हणाले, म्हाताऱ्या बाया जन्नतमध्ये जात नाहीत. बाई रडू लागली. तेव्हा त्यांनी तिला समजावून सांगितले की तेथे तू म्हातारी राहणार नाहीस, तरुण होऊन जाशील. ही रिवायत आपल्या आजींनी आपल्याला सांगितलेली आहे. यात थट्टा आहे, क्षणभराचे दुःखही आहे, पण बाई घरी गेली ती हसत गेली. ज्याची थट्टा होते त्याला हसण्यात भागीदार करून घेणे आणि त्याला एकटे पाडणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

येथे मला पैठणच्या एकनाथ महाराजांची आठवण होते. सोळाव्या शतकात त्यांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला. आजच्या कोणत्याही मंडपात त्याचा प्रयोग लावायचा म्हटला तर दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन येतील, असे त्यात बोलणे आहे. तुर्क हिंदूच्या देवांची आणि सोवळ्या-ओवळ्याची टर उडवतो, हिंदू तुर्काच्या उपासनेची आणि रीतीभातींची. शेवटी दोघेही एकाच देवाची गोष्ट करीत आहोत हे ओळखून एकमेकांना भेटतात. हा संवाद सलोख्याचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकी भाषेत सांगितला जातो. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तुर्काला बोलण्याची पाळी मिळते. एक टोला त्याचा, एक टोला याचा. कापसाची दाढी लावून त्याच्या वतीने दुसराच कोणी बोबडे बोलत नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट इंग्लंडमध्ये होती. बी.बी.सी.वर १९५८ पासून १९७८ पर्यंत, वीस वर्षे, गोरे गवई तोंडाला काळा रंग फासून काळ्या लोकांचे सोंग करीत गाण्यांचा कार्यक्रम सादर करत. १९६७ साली त्याविरुद्ध अर्ज झाले, तरी तो आणखी अकरा वर्षे चालला. लोकांना आवडतो, हेच उत्तर असे. त्यात सोंग काळ्या माणसाचे होते, फक्त त्याला उत्तर देण्याची सोय नव्हती.

आपण शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत बोलत आहोत, म्हणून आता शिक्षणावरच्याच विनोदाकडे येतो. हा भाग विद्यार्थिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावा. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ साली, नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणी-शिक्षण-नाटिका' आली. विषय एकच : शिकलेल्या मुलींची टिंगल. बाई शिकली की घर बुडाले, असे दाखवून लोकांना हसवायचे.

आपणही काही मागे नव्हतो. अकबर इलाहाबादी (१८४६-१९२१) यांचे शेर आपल्या मुशायऱ्यांत आजही वाहवा घेतात. लखनौला १८७७ साली 'अवध पंच' हे विनोदी पत्र निघाले, त्यात ते लिहीत. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शाळा काढली, तिचेच पुढे कॉलेज आणि विद्यापीठ झाले. अकबरांनी त्या साऱ्या खटाटोपावर तिरकस शेर रचले. पडद्याबाहेर येणाऱ्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलींवरही रचले. ते शेर इतके चपखल आहेत की राग यायच्या आधी हसू येते. पण गंमत पाहा. हे गृहस्थ स्वतः इंग्रजी अमदानीत न्यायाधीश होते आणि त्यांनी आपल्या मुलाला शिकायला विलायतेला पाठवले! १८९८ साली सर सय्यद गेले, तेव्हा मात्र अकबरांनी आपण केवळ बोलत होतो आणि ते काम करीत होते, या अर्थाची कबुली शेरातच दिली. विनोदी लेखकाच्या अंगी एवढा प्रामाणिकपणा असला तर त्याचे पुष्कळ माफ करावे.

कानिटकरांची नाटिका किंवा अकबरांचे ते शेर आपण जाळावे काय? मी तर म्हणतो, ते आपल्या वाचनालयात असावेत. नववी-दहावीच्या मुलींनी ते वाचावेत आणि त्यांच्या आज्या-पणज्यांना कोणत्या हशातून वाट काढत शाळेत जावे लागले, हे पाहावे. मात्र तेच शेर एखाद्या काकांनी लग्नाच्या बैठकीत, बारावीला बसलेल्या पुतणीकडे पाहून म्हणावेत आणि चारचौघांनी 'क्या बात है' म्हणावे, हे मला मान्य नाही. अशा बैठकीनंतर कॉलेजचा फॉर्म भरायचा राहून गेल्याची उदाहरणे पालकांनीच आपल्या नात्यागोत्यात शोधावीत. शेर एकच. कपाटातला वेगळा, बैठकीतला वेगळा.

आणि घरचे लतीफे? इस्लाममध्ये जात नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मग जुलाह्याच्या अक्कलशून्यतेचे ते सगळे लतीफे कोणाचे आहेत? नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या विणकरांनी आपल्या हातांनी कापड विणले, मुले शिकवली; आणि त्यांच्याच पेशावर दुसऱ्या बिरादरीचे लोक खिदळतात. पिंजारी आणि कसाई यांच्यावरचे वेगळेच. लग्न जुळवायच्या वेळी हेच लतीफे पुन्हा बाहेर निघतात, मात्र त्या वेळी कोणी हसत नसते. मुल्ला नसरुद्दीन मला या सर्वांहून थोर वाटतो, कारण तो बहुतेक वेळा स्वतःलाच गाढवावर उलटा बसवतो.

या सर्वांवर पोलिसाचा उपाय चालेल काय? मुनव्वर फारुकी या विनोदकाराला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणाहून अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. महिन्याहून अधिक काळ तो तुरुंगात होता. त्याचे विनोद कोणाला आवडोत न आवडोत. पण 'भावना दुखावल्या, आत टाका' हे हत्यार आपण दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा ते आपल्याकडेही वळते. आणि २०१५ साली पॅरिसमध्ये व्यंगचित्रांवरून माणसे मारली गेली, त्याला तर कोणत्याही सबबीखाली समर्थन नाही. राग आला तर लिहावे, बोलावे, उठून जावे. मुख्याध्यापकांकडे गेलेल्या मंडळींचा मार्ग बरोबर होता. त्यांनी दोन्ही पात्रांची तक्रार करायला हवी होती, इतकेच.

मंडपातल्या विनोदाला एक लगाम असतो, तो कायद्याचा नव्हे. कंपनीला पुढच्या वर्षी त्याच गावात यायचे असते. पाटील, पाटलाचा गडी, पिंजारी आणि पिंजाऱ्याची आई एकाच तनसावर बसलेली असतात. नट फार घसरला तर लोक ओरडतात आणि नट तेथल्या तेथे वाक्य फिरवतो. मोबाईलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या नकलेला हा लगाम नाही. ती कोणी केली, कोठे केली, कोण पाहते, काही पत्ता नाही. पोरगा गोधडीत एकटाच हसतो आणि सकाळी तेच वर्गात आणतो. नाटकाला पाठवावे काय, असे विचारणाऱ्या पालकांना माझे उत्तर असे की पाठवा, आणि स्वतः बरोबर जा. चौथ्या-पाचव्या वर्गातली मुले असतील तर मधला रेकॉर्ड डान्स सुरू व्हायच्या आत त्यांना घरी आणा. मोठ्या मुलांना परतताना विचारा, आज कोणाला हसलास? तो ज्याचे नाव घेईल तो माणूस मंडपात बसला असता तर काय झाले असते, हेही विचारा. घरी पोहोचेपर्यंतचा रस्ता या गप्पांना पुरतो.

त्या शाळेतली पुढची हकीकत राहिली. दुसऱ्या वर्षी मुलांनी पुन्हा नक्कल बसवली. अत्तरवाला नाही, तोतराही नाही. या वेळी त्यांनी शिक्षकांचीच खोली दाखवली. एक गुरुजी चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, दुसरे हजेरी घेता घेता पेंगतात, मुख्याध्यापक दर वाक्याला 'शिस्त' म्हणतात आणि त्यांच्याच सायकलला कुलूप नसते. दोन शिक्षकांना ते आवडले नाही. मुख्याध्यापक मात्र पहिल्या रांगेत बसून हसले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन आले. 'मीठ' म्हटला जाणारा मुलगा या नकलेत पडद्याची दोरी ओढत होता. बोलण्याचे काम त्याने मागितले नाही.

आपल्या संस्थेच्या शाळेतही या वर्षीच्या संमेलनात शिक्षकांची नक्कल ठेवायचे ठरले आहे. संहिता मुलेच लिहीत आहेत आणि ती आम्हाला आधी दाखवायची नाही, अशी त्यांची अट आहे. ती मान्य झाली आहे. माझी नक्कल करणाऱ्या मुलाने माझी जुनी छत्री परवाच मागून नेली. पालकांनी संमेलनाला वेळेवर यावे, ही विनंती. नक्कल कार्यक्रमपत्रिकेत तिसरी आहे.